चौदा मे, थीम शेत

मिहिका तीन वर्षांची होणार
आणि तिला शेत हवंय.
मागच्या आठवड्यात समुद्र हवा होता,
त्याच्या मागच्या आठवड्यात नुसता एक जेसीबी.
शेतावर ती चार दिवस टिकली
तेव्हा मी फ्रिजवर कागद चिकटवला.

पाहुणे: अकरा पोरं, त्यांच्या आया,
आणि दुसऱ्या मजल्यावरचे पोहनकर काका,
जे न बोलावता येतात,
पण फुगे त्यांच्यासारखे कुणी फुगवत नाही.
वेळ: सातनंतर. त्याआधी आमच्या गच्चीवर
केकच काय, मेणबत्तीही उभी राहत नाही.
बुजगावणं: नको. घाबरते.

इतवारीत हेडाऊंनी अल्बम उघडला.
लाल कोठार, पांढऱ्या काठाचं,
गुलाबी डुकरं, ठिपक्याठिपक्यांच्या गाई,
निळ्या डोळ्यांचा एक माणूस, हातात काटा.
"हे फार्म आहे ताई."
मी म्हटलं, आम्हाला शेत पाहिजे.
ते हसले. "मंग कापूस लावून देऊ का झाडाले?
पोट्टे तोडत बसतीन."
कापूस लिहून घेतला. डुकरं खोडली.
घरी येऊन परत लिहिली,
कारण नाल्यातलं ते काळं डुक्कर
मिहिकाला अख्ख्या नागपुरात
सगळ्यांत जास्त आवडतं.

राहिला गवताचा प्रश्न.
मे महिन्यात या शहरात
गवत कुठे असतं? प्रफुल्ल म्हणाला, कूलरमध्ये.
सदरच्या कोपऱ्यावर ताट्या भरून देणारा
पोतं पुढे ओढत म्हणाला, "साईज सांगा."
काय सांगणार?
एक गाय, दीड फूट.
गाय म्हणजे तान्ह्या पोळ्याचा नंदी,
माळ्यावरून उतरवलेला, एक चाक गेलेला.
शिंगांना अजून बेगड आहे.
एका संध्याकाळपुरतं त्याला
गाय व्हायला सांगितलंय.

शनिवारी पहाटे कॉटन मार्केट.
एक कोहळं, चार वांगी देठासकट,
पानांचे मुळे.
"कितीक मानसाचा सैपाक?" लांजेवार बाईंनी विचारलं.
म्हटलं, रांधायचं नाही, सजवायचंय.
पोळी खिशात घालणाऱ्याकडे पाहावं
तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मग मुळ्याची जुडी परत हातात घेतली,
पिवळी पानं खुडली, म्हणाल्या,
"घमेल्यात माती घे, रोवून ठेव. पोट्टे उपटतीन.
उपटताना आवाज येते बारीक.
आयकून पाहाय."
पैसे मात्र पूर्ण घेतले.

घरी आल्यावर सगळ्यांच्या नकळत
एक मुळा रोवला, कान जवळ नेला, उपटला.
येतो.
ओल्या कागदाची घडी उघडावी एवढाच.
कागदावर मी एवढं एकच लिहिलं नाही.

रात्री घमेल्यात बारा मुळे, ओळीत.
कूलरच्या घरघरीत मिहिका झोपली
असं आम्हा दोघांना वाटलं.
बाराला टाकीत पाणी भरायला उठले
तर बाल्कनीचं दार उघडं,
तिचे हात कोपरापर्यंत माती,
आणि नंदीचं तोंड घमेल्याकडे वळवलेलं.
बाराही मुळे उपटून तिने पुन्हा लावले होते,
उलटे.
पानं खाली, पांढरी टोकं वर.

"पानांना ऊन लागते ना, आई."

हेच म्हणत सकाळी मी
तिच्या डोक्याला ओढणी बांधली होती,
आणि ती किती रडली होती.

टाकीतल्या गार पाण्याने तिचे हात धुतले.
उद्या कुणी विचारलंच
तर पोहनकर काका काहीतरी सांगतील.
झोपायला जाताना तिने मागे वळून
मला बजावलं,
गाईचंही डोकं झाक.